मी पाठवलेली गुप्त किल्ली

चूक माझी होती. फोल्डरमध्ये ठेवलेली फाइल बरोबर होती, मी ती तिथून घेतलीच नाही. एवढं साधं वाक्य बोलायला मला वर्षाहून अधिक काळ लागला.

नागपूरच्या आकाशातून दिवसरात्र विमानं जातात. बहुतेकांना इथे उतरायचं नसतं. कोणतं विमान कुठून, किती उंचीवरून येतंय, हे एका देशाचं केंद्र दुसऱ्या देशाच्या केंद्राला कळवतं. माझी नोकरी त्या निरोपांची. प्रत्येक निरोपावर आमच्या केंद्राचा इलेक्ट्रॉनिक शिक्का असतो. तो उमटवणारी किल्ली गुप्त असते, ती आमच्या खोलीबाहेर जात नाही. शिक्का खरा आहे की नाही हे तपासणारी दुसरी किल्ली उघडी असते, ती सगळ्यांना द्यायची असते. दोन्ही म्हणजे कॉम्प्युटरवरच्या फाइलीच.

किल्ल्या बदलायचे दिवस मे महिन्यात आले. हे काम माझा मित्र बघायचा. आम्ही बरोबरच नोकरीला लागलो. तो मूळचा उमरेडचा, आता नागपुरातल्या बेसा भागात घर बांधलेलं. त्या दुपारी तो लवकर निघाला.

"कुलरले खसची नवी ताटी लावाची हाय गा. बाबा उकाड्यानं बेजार होऊन राहिले. उघडी किल्ली फोल्डरमध्ये ठेवली हाय, तेवढी पाठवून दे."

"त्या फोल्डरचा तुहा पासवर्ड म्हणजे मालगाडी हाय, संपतच नाही," मी म्हटलं.

"मंग मालगाडीच टाइप कर. आळस नको करू."

मी आळसच केला. पासवर्ड चुकला, पुन्हा चुकला, आणि मी कंटाळलो. ज्या जुन्या कॉम्प्युटरवर त्याने नव्या किल्ल्या तयार केल्या, तिथे दोन्ही शेजारी शेजारी पडलेल्या होत्या, त्यातली एक उचलली आणि परदेशी केंद्राला पाठवली. ती गुप्त निघाली.

तिकडून फोन आला. माणूस फार सभ्यपणे म्हणाला, ही आमच्याकडे यायला नको होती. आमच्यातला दुवा बंद झाला. पुन्हा नव्या किल्ल्या होईपर्यंत एकेका विमानाची माहिती फोनवर बोलून द्यावी लागली. कुठल्याही विमानाला धोका निर्माण झाला नाही, पण सगळ्यांचे हाल झाले. गुप्त किल्ली उघडी पडली की तिच्याबरोबरचं सगळं पुसून टाकायचं, असा नियम आहे. ते पुसायचं काम मीच केलं. त्यात मित्राचं फोल्डरही गेलं, आणि त्याची फाइल बरोबर होती याचा पुरावाही.

चौकशीत साहेबांनी विचारलं, "फाइल कुठून घेतली?"

"फोल्डरमधून," मी म्हणालो.

हे बोलायचं असं मी आधी ठरवलेलं नव्हतं. पण बोलून गेल्यावर दुरुस्त करता आलं असतं, तेही केलं नाही. मित्र शेजारीच बसला होता. खाली बघत म्हणाला, "मीच उलटी ठेवली असेल, साहेब. जायच्या घाईत होतो."

किल्ल्यांचं काम त्याच्याकडून काढून घेतलं. परदेशातल्या बैठकीला तो जायचा होता, मला पाठवलं. तिथे देशोदेशीचे लोक एकाच प्रश्नावर बोलत होते: आलेला निरोप त्याच माणसाचा आहे, यावर विश्वास कसा ठेवायचा? मी मित्राने तयार केलेल्या स्लाइडी दाखवल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला कुठेतरी जाऊन नुसतं बसून राहावंसं वाटलं.

त्याचं काम गेलं, हे मी एक वेळ सहन केलं असतं. पण त्याचा स्वतःवरचा भरवसाच उडाला. साधा मेल पाठवायचा तरी मला हाक मारायचा, "बघ ना गा, बरोबर हाय ना?"

ऑफिसातले चेष्टा करायचे, "काहून भाऊ, चहात साखर पडली का नाही, तेही आता यालेच विचारशीन काय?"

तो हसायचा. मी स्क्रीनकडे बघून "बरोबर हाय" म्हणायचो आणि जागेवर येऊन बसायचो. दिवसभरात दुसरं काही केलं नाही तरी तेवढ्यानंच थकवा यायचा.

गेल्या महिन्यात कॅन्टीनमध्ये तो सहज म्हणाला, "साहेबांनं विचारलं, किल्ल्यांचं काम परत घेतं काय. मी नाही म्हटलं. मले माह्या हाताचा भरोसा नाही राहिला. तूच कर."

मी हातातला आलुबोंडा खाली ठेवला.

"तुही फाइल बरोबर होती," मी म्हटलं.

"कोणती?"

"तेव्हाची. मी जुन्या कॉम्प्युटरवरून उचलली."

तो म्हणाला, "आन मी इतके दिवस तुलेच इचारत राहिलो, बरोबर हाय काय म्हणून?"

"साहेबांकडे चाल," मी म्हटलं. तो उठेना. मग उठला, पण माझ्याबरोबर चालला नाही, मागून आला.

साहेबांच्या केबिनमध्ये मी उभ्यानेच सगळं सांगितलं. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मी त्यांच्याकडे पाठ करून मित्राकडे वळलो.

"फोल्डर मी उघडलंच नव्हतं. मी खोटं बोललो, आन तुले तुह्याच हातावर शंका घ्यायले लावली. तुहं काही चुकलं नव्हतं. मले माफ कर."