दाजींचा उलट टप्पा

आमचे दाजी, म्हणजे थोरल्या अक्काचे यजमान, मारामारी दिसली की सोडवायला धावत नसत. डाव्या खिशातला चिंचोका काढून उजव्या खिशात टाकत. एका फटक्याला एक चिंचोका. साताऱ्याला बी.एड.च्या कॉलेजात ते शिकवत आणि 'मुलांतील आक्रमक वर्तन' या विषयावर प्रबंध लिहीत. बहात्तरच्या दुष्काळानंतरची ही गोष्ट. तेव्हा आमच्याकडे या वर्तनाला मस्ती म्हणत आणि तिच्यावरचं औषध माझ्या उजव्या हातात असे.

वर्तन घरचंच निघालं. माझी शमा, वय चार. आम्ही तिला धीट म्हणायचो; इस्लामपूरच्या बालवाडीत वेगळं काही म्हणत. तिथल्या सुशीलाबाईंनी मला बोलावून बजावलं, "आता आणखी एका पोराला रक्त निघालं, की हिचं नाव काढणार." जवळपास दुसरी बालवाडी नव्हती. दाजी रजा टाकून, खिसा भरून आले.

पहिले दहा दिवस ते कोपऱ्यात बसून नुसते मोजत राहिले. एका पोराची आजी कावली, "आवं मास्तर, सोडवा की! मोजताय काय, आंबं हायत व्हय?"

"आधी आहे तसं बघायचं," दाजी शांतपणे म्हणाले. "हात मग घालायचा."

मग त्यांनी आम्हाला शिकवलं. शमानं मारलं तर ओरडायचं नाही, तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही. मार खाल्लेल्या पोराला मांडीवर घ्यायचं. ती नीट खेळत असली की मात्र जवळ जाऊन बसायचं. "ती मारते, कारण मग आपण सगळे धावतो. धावायचंच तर ती शहाण्यासारखी वागते तेव्हा धावा." दोन आठवड्यांत दाजींचा उजवा खिसा रिकामा राहू लागला. बायकोनं पुरणपोळ्या केल्या.

दुसऱ्या पोळीवर तूप घेता घेता दाजी म्हणाले, "छान. आता उद्यापासून उलट टप्पा. सगळ्यांनी पहिल्यासारखं ओरडायचं."

बायकोचा हात थांबला. गेलेला ताप परत आला, की आमच्याकडे 'दुखणं उलटलं' म्हणतात. "आवं दाजी, आलेला गुण घालवून दुखणं उलटवायचं?"

"वहिनी, ती आपण वागणं बदललं म्हणून सुधारली की आपोआप, हे कळायला नको?"

"कळून काय करायचंय? सुधारली न्हवं? नाव काढलं तर पोरगीला तुमचा प्रबंध वाचून दाखवू?"

मी शिकलेला, म्हणून दाजींची बाजू घेतली. सुशीलाबाईंना पुन्हा ओरडणं जड गेलं. मला नाही. पहिल्याच संध्याकाळी मी शमाला अशी चापट दिली, की दाजी म्हणाले, "तुम्हाला उलट टप्पा शिकवावा लागला नाही. तुम्ही सरळ झालाच कधी होता?"

तिसऱ्या दिवशी शमानं पाटी मारून एका पोराचं कपाळ फोडलं. दाजींचा हात सवयीनं खिशात गेला आणि तिथंच राहिला. पोराची आई रशीदा, बांगडीवाल्याची बायको, धावत आली. दाजी उठून उभे राहिले. "पोरीची चूक नाही, बाई. सुधारली होती. मी मुद्दाम बिघडवली, माझं म्हणणं खरं का ते बघायला."

"बघाया?" रशीदा म्हणाली. "माझ्या लेकराच्या कपाळावर?"

उलट टप्पा दाजींनी त्याच दिवशी मोडला. सुशीलाबाई नाव काढायला निघाल्या होत्या, रशीदाच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. पोरीची काय चूक हाय? मास्तराचंच नाव काढा." शमा महिनाभरात पुन्हा निवळली.

परीक्षकांनी प्रबंध परत पाठवला. उलट टप्पा तीनच दिवसांचा. निष्कर्ष सिद्ध होत नाही. मी तोडगा सुचवला, "दाजी, तिनाच्या आकड्याआधी एक काढा. तेरा होतील. कोण बघतंय?"

"ते कपाळ बघून चौथा दिवस काढायची माझी छाती झाली नाही," दाजी म्हणाले. "कागदावर आणखी दहा कुठून काढू?"

पदवीवाचूनच ते निवृत्त झाले आणि गेले. शमानं पुन्हा कुणावर हात उगारला नाही. मीही नाही. पण माझी नोंद कुणी ठेवली नसल्यामुळे बायकोच्या मते ते अजून सिद्ध झालेलं नाही.