नथूचे अकरा वीर

मावळातल्या औंढ्यात नथूसारखा माणूस दुसरा न्हाई. कुणीबी यावं, खोटं पाडून दाखवावं. शाळा सातवीपातूर, पण वीरगळ त्याला गाडीरस्त्यावरनं वळखता येतो. वीरगळ म्हंजे लढाईत पडलेल्या गड्याच्या आठवणीचा कोरीव दगड. लोक त्यावर धुणी धुवायचे, बंगल्याच्या पायात गाडायचे. नथूनं असे अकरा दगड पहारीनं उचकटले, बैलगाडीत घालून आणले आन् आपल्या खाचराच्या बांधावर वळीनं उभे केले. एकट्यानं. थोरला भाऊ अंबाजी तवर लोणावळ्यात चिक्कीचा दोन मजली कारखाना काढून बसलेला. नथूनं लग्न केलं न्हाई. घरात बोलायला मांजरबी न्हाई.

जुन्या वस्तू जपायला सरकार अनुदान देतं, असं कळल्यावर नथूनं अर्ज केला. मागणी एकच, दगडांवर पत्र्याची शेड. पावसानं वीरांचे नाकडोळे झिजत चाललेले. तीन वर्सं हेलपाटे घातले, तवा कुटं फोन आला, सोमवारी मॅडम पाहणीला येणार. अंबाजीनं अख्ख्या बाजारात सांगितलं, "सरकार आमच्या नथूच्या दारात येतंय!"

सोमवारी सकाळीच शेजारची सरूबाई बांधावर आली.

"नथू, सायबीन येनार आन् देव आसे उघडेबोडके?"

"देव न्हाईत गं मावशी, मान्सं हायेत."

"मान्सं आसली म्हनून काय, पाव्हन्यापुढं कापडं नकोत?"

नथूला पटलं. त्यानं तेलात शेंदूर कालवला आन् अकराच्या अकरा दगड वरपासनं खालपातूर लिंपले. काय झळकत हुते!

राजेश्वरी मॅडम गाडीतनं उतरल्या आन् जागच्या जागी थांबल्या.

"काका, हे कुणी केलं?"

"मीच की! तुमी येनार म्हनून."

"अहो, कोरीव काम सगळं झाकलं गेलं. असं मंजूर नाही होणार. मी माणूस पाठवते, शेंदूर काढू द्या. मग शेड नक्की."

 शेंदूर चढला की दगडाचा देव व्हतो. देव आपला शेंदूर आपण टाकतो, माणसानं खरवडायचा नसतो. हे मावळात शेंबडं पोरबी जाणतं.

"न्हाई जमायचं, ताई."

"मग अनुदान हातचं जाईल हो."

"जाऊ द्या."

अंबाजीनं फोनवर शिव्या घातल्या. "येड्या, मला बाजारात तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाईस!" पण सरकारला तोंडावर न्हाई म्हणणारा मावळात हाये कोण दुसरा?

आता गावची माणसं येत्यात, नारळ फोडत्यात, हात जोडून निघून जात्यात. कुठल्या वीराच्या हातात ढाल, कुणाच्या तलवार, कुणी इचारत न्हाई. नथूनं सांगितलं तरी दिसत न्हाई.

वैशाखात नथू लोणावळा टाळून कामशेतला गेला, वीरांवर घालायला निळी ताडपत्री घेऊन आला. एक टोक बांधावरच्या आंब्याला बांधलं. दुसरं धरायला कुणी न्हवतं. वारा आला की ते हातातनं सुटायचं. चारदा सुटलं. मग नथू त्या टोकावरच बसला, वारा पडंस्तवर.