बारा पावलं

रविवारी सकाळी कोपरच्या खाडीकडच्या मैदानावर धुकं उतरलेलं असायचं आणि त्या धुक्यात जगन एकटाच चालत असायचा. हातात फक्कीचा पत्र्याचा डबा, तळाला खिळ्यानं भोकं पाडलेला. डबा हलवत तो चालला की मागे पांढरी रेघ उमटायची, आणि दोन तासांत त्या रेघांचं फुटबॉलचं मैदान व्हायचं. पंचवीस वर्षं हे काम त्यानं हौसेनं केलं. महापालिकेच्या उद्यान खात्यात तो माळी होता, पण तिथे त्याला वरून तीन साहेब. मैदानावर कुणी नाही.

टेप त्यानं कधी हातात धरली नाही. टेप काढली तर मग जगन कशाला हवा? गोलपोस्टच्या मधोमध टाच टेकवायची, मुंब्र्याच्या डोंगराकडे नजर लावायची आणि बारा पावलं टाकायची. बारावं पाऊल पडेल तिथे पेनल्टीचा ठिपका. "पाय खोटं बोलत नाय," असं तो ऐटीत सांगायचा आणि ऐकणाऱ्याला ते पटायचंही. माणूस स्वतःच्या पायांवर इतका लट्टू असू शकतो, हे त्याला बघूनच कळावं.

खरी गंमत मात्र वेगळीच होती. रेघा मारता मारता जगन मॅच बघायचा. अजून न झालेली मॅच. धुक्यातून अकरा जण पळत यायचे, त्यांच्या बुटांचा आवाज यायचा नाही, बॉल हवेत असा निवांत तरंगायचा की जगनला मान वर करून बघत बसायला वेळ मिळायचा. आणि शेवटी बॉल यायचा तो सलिलकडेच. स्वप्न जगनचं होतं, तेव्हा गोल दुसऱ्या कुणाला कशाला मारू देईल तो? डबा हातातच राहायचा, मग बायको शांताबाई चहाची किटली घेऊन यायची आणि म्हणायची, "अहो, रेघ वाकडी चाललीय. कुठे आहात?"

सलिल शेजारच्या दिवा गावचा. बारा वर्षांचा असताना चुलत्याचा हात धरून या मैदानावर आला आणि 'कोपर युवक'चा झाला. आता बावीस वर्षांचा होता, एका गोदामात पार्सलं लावायचं काम करायचा आणि टीमचा सगळा भार त्याच्या डाव्या पायावर होता. घरच्या मैदानावर त्याची एकही पेनल्टी चुकलेली नव्हती. जगननं आपल्या घरात बाबासाहेबांच्या तसबिरीखाली, जरा अंतर राखून, सलिलचा कप उचललेला फोटो लावला होता. स्वतःच्या जावयाचाही त्यानं लावला नव्हता, आणि यावरून मुलगी वर्षभर धुसफुसत होती.

आणि या हंगामात ते घडलं. सलिलनं बाहेरच्या मैदानांवर तीन पेनल्ट्या घालवल्या. एक कल्याणला, दोन ठाण्याला. तिन्ही बारवरून थेट आकाशात. तिसरी सेमीफायनलची होती. टीमच्या ग्रुपवर कुजबुज सुरू झाली की ठाण्याच्या एका क्लबनं याला फूस लावलीय, हा मुद्दाम घालवतो. कॅप्टन आणि गोलकीपर असलेल्या प्रितमनं त्याला सगळ्यांसमोर विचारलं, "काय चाललंय तुझं? एकदा सांगून टाक ना." सलिलनं अंगातली नऊ नंबरची जर्सी काढली, बाकावर ठेवली आणि निघून गेला. पंधरा दिवसांत तो खरंच ठाण्याच्या त्याच क्लबकडून खेळायला लागला. झालं, कुजबुजीला पुरावा मिळाला.

जगननं त्याला फोन केला होता. सलिल इतकंच म्हणाला, "काका, बाकी कोणी पण विचारू दे, तुम्ही नका विचारू."

ते जगनच्या जिव्हारी लागलं. धुक्यातल्या मॅचमध्ये आता दहाच जण यायचे. बॉल डावीकडे जायचा आणि तिथे कुणीच नसायचं. त्यानं तो फोटो काढून कपाटात ठेवला, दुसऱ्या दिवशी परत लावला. सलिलनं टीमला फसवलं असेल तर आपण दहा वर्षं कुणावर जीव टाकला, हा प्रश्न त्याला खात राहिला.

शेवटी एका शनिवारी तो कुणाला न सांगता ठाण्याला गेला, त्या क्लबची प्रॅक्टिस बघायला. सलिल अजून यायचा होता. हिरवं नकली गवत, त्यावर कायमच्या आखलेल्या रेघा. फक्की नको, काही नको. जगनला जरा कीव आली त्या मैदानाची. सवयीनं त्यानं गोलपोस्टमध्ये टाच टेकवली आणि बारा पावलं टाकली.

ठिपका पुढे होता. चांगला दीड-दोन पावलं पुढे.

इथलं माप चुकलंय, असं आधी त्याला वाटलं. तो परत गेला, पुन्हा चालला. ठिपका तिथेच. तिसऱ्यांदा चालताना त्यानं प्रथमच डोंगराऐवजी खाली आपल्या पायांकडे पाहिलं. उजवा गुडघा गेली काही वर्षं कुरकुरत होता. त्या गुडघ्याला जपत जपत पाऊल आखूड झालं होतं, आणि मालकाला पत्ता नव्हता. मैदान दरवर्षी थोडं थोडं आक्रसत गेलं होतं आणि सलिल त्याच मैदानावर मोठा झाला होता. त्याचा पाय जवळच्या ठिपक्याला सरावला होता. बाहेर लांबच्या ठिपक्यावरून तसाच मारला की बॉल बारवरून जाणारच.

सलिल यायच्या आत जगन तिथून निघाला. तोंड दाखवायची हिंमत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मॅचआधी त्यानं टीमला गोळा केलं आणि सांगून टाकलं. हे सांगितल्यावर आपला डबा जाणार हे त्याला कळत होतं. प्रितमनं शेजारच्या बिल्डिंगच्या कामावरून टेप आणली. पेनल्टी मारायची अकरा मीटरवरून. जगनच्या ठिपक्यावर टेप साडेनऊ मीटरलाच थांबली.

"आयला," प्रितम म्हणाला, "म्हणजे घरच्या मैदानावर मला एक पण पेनल्टी अडवता येत नाय ती यामुळे? मी काय काय खाऊन बघितलं रे!" सगळे हसले. जगन हसला नाही. त्यानं डबा बाकावर ठेवला आणि म्हणाला, "मला दिव्याला घेऊन चल."

मॅच आटोपल्यावर प्रितमच्या बाईकवरून दोघं गेले. सलिल चाळीच्या तोंडाशी पाण्याच्या टँकरच्या रांगेत कॅन घेऊन उभा होता. जगननं तिथेच, कसंबसं, सगळं सांगितलं. सलिलला आश्चर्य वाटलं नाही. तो फक्त प्रितमवर चिडला.

"काकांना कोणी सांगितलं?"

"म्हणजे? तुला माहीत होतं?" प्रितम म्हणाला.

"दुसरी पेनल्टी गेली तेव्हाच मोजलेलं मी. गोदामातली टेप घेऊन आलेलो. पण दहा वर्षांची सवय, पाय ऐकतच नव्हता."

"मग बोलला का नाय? आम्ही तुला चोर ठरवलं!"

"बोललो असतो तर काय केलं असतं तुम्ही? डबा काढून घेतला असता." सलिलनं कॅन पुढे सरकवला. "माझं काय, मी ठाण्यात खेळेन, कल्याणमध्ये खेळेन. काकांना दुसरं मैदान कुठेय?"

दहा वर्षं जगन बाकावर बसून या पोराकडे बघत होता. मैदानातून कुणी आपल्याकडेही बघत असेल, हे त्याच्या कुठल्याच स्वप्नात आलं नव्हतं. रांगेतल्या बायका बघत होत्या, टँकरवाला ओरडत होता, आणि जगन सलिलच्या खांद्यावर डोकं ठेवून सगळ्यांदेखत रडला.