न कापलेली पानं

मी पंधरा वर्षांची असताना एका कादंबरीतला खुनी ओळखला, आणि शिक्षा मला झाली. हे मी आता हसत सांगते, पण ते हसू काही खरं नव्हे.

मुलुंडला आमच्या दोन खोल्या होत्या. वडील फोर्टातल्या एका कचेरीत हेडक्लार्क. त्यांना शौक एकच, डिटेक्टिव्ह कादंबऱ्यांचा. अधूनमधून ते दादरहून एखादी नवी कादंबरी घेऊन येत आणि रविवारी दुपारी जेवणं झाली की आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवत. वाचायचे फार सुंदर. पुस्तकात जिना वाजला की मी दचकून आमच्या दाराकडे बघायची. आठवडाभर मी त्या दोन तासांच्या आशेवर असायची. धुणं वाळत घालताना, शाळेत भूगोलाच्या तासाला, डोक्यात एकच भुंगा: कुणी मारलं असेल?

त्या काळी काही पुस्तकं पानं न कापताच येत. कागदाच्या घड्या वरून आणि कडेनं जोडलेल्या असत; कापल्याशिवाय आतलं अक्षर दिसायचं नाही. वडील पोलादी पट्टीनं त्या दिवसापुरतीच पानं कापत, म्हणजे मधल्या वारी कुणी पुढे डोकावायला नको. आणि शेवटच्या घड्या कापण्याआधी प्रत्येकानं आपला संशयित सांगायचा, हा घरचा नियम. प्रत्येकानं म्हणजे वडिलांनी आणि मोठ्या भावानं. आई आत भांडी आवरता आवरता ऐकायची, आणि मला कुणी विचारत नसे.

त्या कादंबरीत एका म्हाताऱ्या वकिलाचा त्याच्याच बंगल्यात खून झाला होता. संशय तिघांवर: पुतण्या, डॉक्टर आणि स्वयंपाकी. वडील म्हणाले, "डॉक्टर. अगदी लिहून ठेवा." भाऊ म्हणाला, स्वयंपाकी. तो दर वेळी घरातल्या नोकराचंच नाव घ्यायचा.

मला राहवलं नाही. "पुतण्या," मी म्हटलं. "तो म्हणतो, खून झाला तेव्हा मी विधवा आत्याकडे जेवत होतो, तिनं स्वतःच्या ताटातली पोळी मला वाढली. पण त्या दिवशी एकादशी होती, दुसऱ्या प्रकरणात आहे तसं. एकादशीला तिच्या ताटात पोळी कुठून येईल? तो तिथे गेलाच नव्हता."

"अरे, हो की!" भाऊ म्हणाला. वडिलांनी पट्टी घेतली, उरलेल्या घड्या सरासरा कापल्या आणि वाचायला सुरुवात केली. आवाज नेहमीसारखा लागेना. पाचव्या पानावर पुतण्याच्या हातात बेड्या पडल्या, आणि त्या पोळीपायीच पडल्या. माझ्या अंगावर काटा आला. तसला आनंद मला पुढे कशानंच मिळाला नाही, मुलं झाली तेव्हासुद्धा नाही. खोटं कशाला बोलू? शाबासकीच्या आशेनं मी वडिलांकडे पाहत राहिले.

त्यांनी पुस्तक मिटलं. "तू हे आधी वाचलंयस."

"बाबा, पानं तर आत्ता तुम्हीच कापलीत!"

"कसं वाचलंस ते तुझं तुला माहीत. पण वाचलंयस. आणि वर तोंड करून खोटं बोलतेस."

पट्टी त्यांच्या हातात होती. कापलेल्या कागदाचा भुसा त्यांच्याच धोतरावर पडला होता. मी वाचणं शक्य नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असूनच ते बोलत होते. मुलगी लबाड ठरली तरी चालेल, पण आपल्याहून हुशार ठरता कामा नये.

वाचन त्या दिवसापासून बंद झालं. पुस्तकं ट्रंकेत गेली आणि ट्रंकेची किल्ली वडिलांच्या जानव्याला. भाऊ माझ्यावरच उखडला. "तुला कुणी सांगितलं होतं गं मध्ये नाक खुपसायला? लागली ना सगळ्याची वाट!"

संध्याकाळी आई तांदूळ निवडत होती. मी शेजारी जाऊन बसले तशी ती मान वर न करता म्हणाली, "मला तर मागच्या रविवारीच कळलं होतं. पण असं बोलून दाखवायचं असतं का?" मला वडिलांपेक्षा तिचाच जास्त राग आला. अजून येतो.

चार वर्षांनी मला पाहायला मंडळी आली. मुलाचे काका म्हणाले, "मुलाला सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही हो." मी पोह्यांच्या बश्या देत होते. मुलानं चहाचा कप दोन्ही हातांनी धरला, तरी चहा बशीत हिंदकळला. तोंडात वेलदोडा, तो संपला की खिशातून दुसरा. सकाळची वेळ, आणि डोळे तांबारलेले. प्रश्न त्याला विचारला की उत्तर काका देत. सरकारची दारूबंदी होती, पण हातभट्टीची कुठे मिळते हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. बशीतले पोहे संपायच्या आत मला सगळं कळलं.

"तुला काही विचारायचंय का गं?" वडील म्हणाले. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिलाही कळलं होतं, हे मी तिच्या चेहऱ्यावर वाचलं. तिनं नजर खाली वळवली.

"नाही," मी म्हटलं.

लग्नाला वर्ष व्हायच्या आत वडील मला पहिल्या दिवाळसणाला न्यायला आले. नवरा आतल्या खोलीत भरदुपारी आडवा पडलेला, खोलीभर वास. वडिलांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. माझ्या कपाळावरची खोक त्यांनी पाहिली. मग म्हणाले, "असा निघेल हे आधी कुणाला कळणार होतं, पोरी?"

"कुणालाच नाही, बाबा," मी म्हटलं, आणि त्यांच्यासाठी चहाचं आधण ठेवायला उठले.