अकरा सेकंदांची कासवीण

कुजबुजे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. नाटक कंपनीत तीस वर्षं विंगेत उभं राहून त्यांनी नटांना विसरलेले शब्द कुजबुजून पुरवले, म्हणून कुणीतरी गमतीने ठेवलेलं ते नाव. पुढे कंपनी बसली, पडदे विकले गेले, कपडेपट मोडीत निघाला. नाव मात्र अंगाला चिकटून राहिलं. आता अडुसष्टाव्या वर्षी कुजबुजे एका डबिंग स्टुडिओत बसतात. परदेशी मालिकांतली माणसं तोंड हलवतात, त्या हलणाऱ्या तोंडांत आपले शब्द बसवायचे, हे त्यांचं काम. ओठ मिटले की प, ब, म असलेला शब्द शोधायचा. तोंड उघडलं की आ-कार बघायचा. प्रत्येक वाक्य आधी स्वतःच्या तोंडाने करून पाहावं लागतं, त्यामुळे संध्याकाळी जबडा इतका दुखतो की घास चावणं जिवावर येतं.

"कंपनीत आवाज न होऊ देता बोलायचो," ते मुलीला म्हणत, "आता आवाजच न काढता बोलतो. ह्याला बढती म्हणतात!"

या खेपेला हातात आली होती एक जपानी अ‍ॅनिमे मालिका. चित्रं अशी की पेपरमिंटच्या गोळ्या पसरून ठेवाव्यात. ढगांवर एक टपाल कचेरी. तिथे पत्रं वाटायला शिकणारी एक छोटी मुलगी आणि टपाल बघणारी एक म्हातारी कासवीण. मुलीने काहीही विचारलं की कासवीण मान आत घेते, डोळे मिचकावते, तीन सेकंद थांबते आणि मग सांगते, "दूध निवतंय, पी आधी." दर वेळी तेच. बघणारा दर वेळी हसतो.

"बाबा, किती रेंगाळतंय हे!" कुजबुजेंची मुलगी खांद्यावरून डोकावत म्हणाली. "दीडपट वेगाने बघा ना, लवकर सुटाल."

"अगं, कासवीण आहे ती. दीडपट पळवली तर ससा होईल तिचा."

थट्टा केली खरी, पण पहिले दोन भाग करताना कुजबुजेंनाही जांभया आल्याच होत्या. तिसरा भाग पाहिला आणि ते खुर्चीत ताठ झाले.

तिसऱ्या भागात मुलीच्या हाती एक जुना गठ्ठा लागतो. दूर गेलेल्या आईची तिला दर आठवड्याला पत्रं येत, ती सगळी त्यात. तिच्या लक्षात येतं की अक्षर आईचं नाही, कासविणीचं आहे. ती विचारते, "माझ्या आईची पत्रं तुम्ही का लिहिता?" कासवीण मान आत घेते. डोळे मिचकावते. एक, दोन, तीन. आता दूध येणार म्हणून आपण हसायच्या तयारीत. आणि दूध वेळेवर येत नाही. अकरा सेकंद काहीच होत नाही. किटलीची वाफ तेवढी वर जाते. ओठांवर आलेलं हसू कुठे ठेवावं ते कळत नाही.

मग कुजबुजेंना ते रेंगाळणं उमगलं. लेखकाने दोन भाग हसवत हसवत बोट धरून जिन्यावर आणलं होतं, पायऱ्या मोजायची सवय लावली होती, आणि शेवटची पायरीच ठेवली नव्हती. ते दोन भाग पळवले असते, तर पडायला उंचीच उरली नसती.

डबिंगची दिग्दर्शिका कुजबुजेंच्या मुलीच्याच वयाची होती. दुपारी ती फोन हातात घेऊनच आली.

"काका, चॅनेलच्या साहेबांचा निरोप आहे. त्या अकरा सेकंदांत एक वाक्य टाका म्हणतायत. मनातलं बोलणं. तोंड मिटलेलंच आहे, ओठ जुळवायचीही कटकट नाही."

"काय टाकू?"

"काहीही. 'आता या लेकराला मी कसं सांगू!' असलं काहीतरी. आणि पहिल्या भागात कासविणीच्या आवाजात जरा गूढपणा आणा म्हणाले. पुढे काहीतरी होणार आहे हे लोकांना कळायला नको का?"

"नकोच आहे कळायला. सगळी गंमत तीच तर आहे. साहेबांनी भाग बघितलेत?"

"दुप्पट वेगाने. दिवसाला आठ मालिका तपासतात ते. दुप्पट वेगातही तिथे गाडी बंद पडल्यासारखी वाटते म्हणाले."

"म्हणजे लागलंय त्यांना कुठेतरी."

ती हसली, पण लगेच खुर्ची ओढून बसली. "काका, पहिल्या भागाचं मी निभावून नेईन. पण ते वाक्य नसलं तर चौथ्यापासून मालिका दुसऱ्या स्टुडिओला जाणार. लिहूनच आलंय तसं. तुम्ही, मी, कासविणीच्या बाई, सगळेच बाहेर. आणि तिकडचे लोक वाक्य टाकतीलच."

उंटावरून शेळ्या हाकणारे साहेब कुजबुजेंनी कंपनीतही पाहिले होते. भांडायचं त्राण नव्हतं. त्यांनी वाक्य लिहिलं: 'पोरी, आज ना उद्या तुला हे कळणारच होतं.' चार मिनिटं लागली. वाईट वाक्य पटकन होतं.

कासविणीचा आवाज मोठ्या बाईंचा. वय शहात्तर, हातात काठी, कुजबुजेंच्याच कंपनीतल्या एके काळच्या मुख्य नटी. डबिंगला यायच्या त्या एका अटीवर. ज्या दिवशीचा भाग, त्याच दिवशी कागद हातात द्यायचे. "पुढचं मला सांगू नकोस कुजबुजे. मला माहीत झालं, की माझ्या आवाजाला माहीत होतं." म्हणून पहिल्या दोन भागांत त्यांची कासवीण निव्वळ मजेशीर झाली होती, पुढच्या दुःखाची सावलीही न पडलेली.

बाईंना काही सांगायला कुजबुजे तसेही घाबरत. कारण चाळीस वर्षांपूर्वीचं होतं. नाटकात बाई आईच्या भूमिकेत होत्या. रागाने घर सोडून गेलेला मुलगा परत येतो, आई दार उघडते आणि म्हणते, "जेवलास का?" शेकडो प्रयोग झाले, दार उघडलं की वाक्य यायचं. एका प्रयोगाला आलं नाही. बाई नुसत्या बघत राहिल्या. विंगेतला नियम असा की नट अडला की मनात दोन म्हणायचे आणि शब्द द्यायचा. कुजबुजेंनी एक म्हटलं आणि दोन पुरतं व्हायच्या आत कुजबुजले, "जेवलास का, बाई, जेवलास का!" पुढच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. कुणीतरी फिस्सकन हसलं. दुधात मिठाचा खडा पडला.

विसरलेल्या नटाचे डोळे जमिनीवर शब्द शोधतात. बाईंचे डोळे त्या वेळी मुलावर खिळलेले होते. कुजबुजेंना ते विंगेतून दिसलं होतं, आणि तरी धीर सुटला. चेहऱ्याचा रंग पुसताना बाई एवढंच म्हणाल्या, "मी विसरले नव्हते." पुन्हा कधी विषय निघाला नाही. पुढच्या प्रयोगापासून दार उघडलं की वाक्य ठरल्या वेळी येऊ लागलं. ते थांबणं बाईंनी परत कधी केलं नाही.

तिसऱ्या भागाच्या दिवशी बाईंनी चष्मा चढवून कागद वाचला. मग एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे मनातलं वाक्य कुणाचं रे? कासविणीचं की तुझं?"

"चॅनेलचं, बाई."

"असं." काठी भिंतीला टेकवून त्या माइकसमोर उभ्या राहिल्या.

काचेच्या अलीकडे कुजबुजे आणि दिग्दर्शिका. टेबलावर एक लाल बटण. माइकसमोरचा कलाकार अडला की ते दाबायचं आणि त्याच्या हेडफोनमध्ये शब्द द्यायचा. विंग गेली, पण काम तेच.

पडद्यावर मुलीने विचारलं, "माझ्या आईची पत्रं तुम्ही का लिहिता?"

कासविणीने मान आत घेतली. वाक्याची जागा आली. बाई गप्प.

एक. दोन. कुजबुजेंचं बोट आपोआप बटणावर गेलं. दिग्दर्शिकेने त्यांच्याकडे पाहिलं, मान हलवून खुणावलं, द्या ना! काचेपलीकडे बाईंचे डोळे कागदावर नव्हते, जमिनीवर नव्हते. पडद्यावरच्या त्या पोरीवर होते.

कुजबुजेंनी बोट उचललं आणि हात चक्क मांडीखाली दाबून ठेवला. पाच. सहा. हात निघाला नाही. वाफ वर गेली. नऊ. दहा. अकरा. कासविणीने तोंड उघडलं.

"दूध निवतंय, पी आधी."

आवाज तोच, पहिल्या भागातला, मजेशीर. एक कणही बदललेला नाही.

दिग्दर्शिकेने नाक पुसलं आणि मग तिला भान आलं. बटण दाबून ती म्हणाली, "बाई, ते मनातलं वाक्य राहिलं."

"कुठे राहिलं? मनातच ना? मग बरोबर आहे की."

ती कुजबुजेंकडे वळली. "तुम्ही शब्द का नाही दिला?"

"त्या विसरल्या नव्हत्या," कुजबुजे म्हणाले.

पुन्हा घ्यायचं की नाही, यावर ती बराच वेळ पेन दातांत धरून बसली. शेवटी म्हणाली, "पाठवते आहे तसंच. काम गेलं तर तुमच्या घरी जेवायला येईन, सांगून ठेवते."

तीन दिवस चॅनेलचं उत्तर नव्हतं. कुजबुजेंनी घरी कपाटं आवरली, चष्म्याची काडी बसवून आणली, मुलीवर विनाकारण चिडले. चौथ्या दिवशी दिग्दर्शिका जिन्यातच भेटली.

"काम टिकलं, काका! वाक्य नको म्हणाले. फक्त अकरा सेकंद फार होतात, सहा करा म्हणतायत. चित्र ते कापून घेणार."

"भाजीचा भाव केल्यासारखं?"

"तसंच समजा."

तिला आनंद झाला होता, म्हणून कुजबुजेंनीही हसून दाखवलं. पण अकरातले पाच गेले. त्या पाचांत काय होतं, ते कुणालाच कळणार नव्हतं.

बाई बाहेरच्या बाकावर चपला काढून, पाय लांब करून बसल्या होत्या. कुजबुजे समोर जाऊन उभे राहिले, चुकलेल्या नटासारखे.

"बाई, वाक्य गेलं. पण सहाच सेकंद ठेवलेत."

"सहा?" बाईंनी मान आत घेतली, डोळे मिचकावले. मग म्हणाल्या, "पुष्कळ झाले. तेव्हा तू मला दोनसुद्धा पुरते दिले नव्हतेस."

त्यांनी काठी बाजूला सरकवली. कुजबुजे शेजारी टेकले. चौथ्या भागाचे कागद त्यांच्या पिशवीत होते. बाईंनी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. आतून बोलावणं येईपर्यंत दोघंही तसेच बसून राहिले.