सुखदेवभाऊंची साक्ष

आमच्या मंडळीत माणसं मोजून अकरा. किस्से मात्र इतके की दर रविवारी उपासना तासाभराची आणि नंतरच्या चहावरचं हसणं दीड तासाचं! कोणी लिहून ठेवत नाही, कोणी विसरतही नाही. बाहेरच्या माणसाला वाटतं, हे ख्रिस्ती लोक प्रार्थनेला जमले म्हणजे आत सगळं गंभीर चाललं असणार. सुरुवातीला आम्हालाही तसंच वाटायचं.

जागा म्हणजे पवनी तालुक्यातलं कोंढा, तिथल्या यमुनाबाईंच्या घराची पुढची खोली. यमुनाबाई रिटायर्ड नर्स. पास्टरजी भंडाऱ्याहून मोटरसायकलने येतात. मी शाळेत गणित शिकवतो, म्हणून मला सगळे गुरुजी म्हणतात. आणि ज्यांच्यामुळे निम्मे किस्से घडले ते सुखदेवभाऊ. राइस मिलमध्ये मशीन चालवायचे. अंगाने दांडगे, बोलायला कमी. बायको वंदनावहिनींबरोबर नऊ वर्षं उपासनेला येत होते, पण बाप्तिस्मा घेतलेला नव्हता. आमच्याकडे बाप्तिस्मा म्हणजे तलावात पूर्ण बुडून वर यायचं. आणि सुखदेवभाऊ पाण्याला घाबरायचे!

*

आमच्याकडे गाण्यांनंतर साक्ष द्यायची पद्धत आहे. ज्याला वाटेल त्याने उभं राहायचं आणि देवाने आठवडाभरात काय केलं ते सांगायचं. कोणाचा ताप उतरलेला असतो, कोणाची म्हैस सापडलेली असते. सांगून झालं की बाकीच्यांनी 'आमेन' म्हणायचं.

सुखदेवभाऊ पहिल्यांदा उभे राहिले तेव्हा म्हणाले, "मी येऊन राहिलो, बसून राहिलो, आयकून राहिलो. पन मले अजून पक्कं नाही."

"आमेन!" अख्खी मंडळी एका सुरात!

पास्टरजींनी डोळे उघडले. "अरे, आधी आयका तरी, मंग आमेन म्हना!"

पुढच्या रविवारी सगळ्यांनी कान देऊन ऐकलं. सुखदेवभाऊ तेच बोलले. आणि पुन्हा आमेन! तोंडाची सवय, तिला कोण काय करणार? त्यानंतर नऊ वर्षं भाऊंची साक्ष तीच राहिली आणि आमचं उत्तरही तेच. त्यात सगळ्यांत मोठा आवाज माझा असायचा.

*

यमुनाबाईंनी तीस वर्षं आरोग्य केंद्रात काढली. त्यामुळे त्या प्रार्थना करत नाहीत, केस पेपर भरतात.

"हे प्रभू, सुखदेव, वय पन्नास, राहनार कोंढा, तालुका पवनी, जिल्हा भंडारा. तक्रार, पान्याची भीती. लहानपनापासून. बीपी एकशे साठ, खालचा शंभर. गोळी चालू हाये."

"एकशे चाळीस होता, बाई," सुखदेवभाऊ डोळे मिटूनच म्हणाले.

"प्रार्थनेत मधी बोलू नोको!"

उपासना संपल्यावर पास्टरजींनी हसत विचारलं, "बाई, देवाले पत्ता माहीत असते ना! जिल्ह्यापर्यंत कायले सांगता?"

"असन जी माहीत," यमुनाबाई म्हणाल्या, "पन जिल्हा फुटून गोंदिया येगळा झाला तवा माह्या बदलीचा कागद तिकडंच जाऊन बसला होता. मी इथं वाट पाहून राहिली, कागद तिथं. सांगून ठेवलेलं बरं!"

मी गणितवाला माणूस, मला तर बाईंचं म्हणणं पटलंच.

*

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं. पोळीचे लहान तुकडे आणि इवल्या पेल्यांतून रस. द्राक्षाचा रस आमच्याकडे कुठून आणणार? म्हणून जांभळाचं सरबत. ते करायचे सुखदेवभाऊ. उन्हाळ्याच्या शेवटी जांभळं गोळा करून, उकळून, गाळून वर्षाचं सरबत बाटल्यांत भरून ठेवायचे. पण बाप्तिस्मा झालेला नसेल तर प्रभुभोजन घेता येत नाही. तबक फिरत फिरत भाऊंपर्यंत यायचं. ते दोन्ही हातांनी धरायचे आणि वंदनावहिनींकडे द्यायचे.

एकदा नागपूरहून एक पाहुणे पास्टर आले. सरबत पिऊन खूश झाले. म्हणाले, "काय चव आहे! ज्यांनी केलं त्यांना दुसरा पेला द्या!"

वहिनी पदराच्या टोकाशी चाळा करत बसल्या.

"मी घरी चाखतो जी," सुखदेवभाऊ म्हणाले. "साखर बरोबर हाय का नाही, ते पाहाले. त्याले गिनत नाहीत."

त्या दिवशी चहावर हसणं जरा कमीच झालं. घरी जाताना वहिनी बाईंना म्हणाल्या, "त्याईले बाकी काही नोको. एक डाव त्या तबकातलं घ्याचं हाय."

*

म्हणून पास्टरजींनी एक सोपा मार्ग काढला. "भाऊ, डोक्यावर पानी शिंपडून करू. काही मंडळ्यांत तसंच करतात."

"बाकीचे पुरे बुडाले ना जी?"

"हो."

"मंग मी बी पुरा. मशीन अर्धी फिट करून मी घरी जात नाही."

आता पुरं बुडायचं म्हणजे प्रॅक्टिस हवी! यमुनाबाईंनी केस हातात घेतली. अंगणात बादली ठेवली, हातात घड्याळ घेतलं आणि भाऊंना तोंड पाण्यात घालायला सांगितलं. पहिल्या दिवशी दोनपर्यंत मोजून झालं आणि भाऊंनी तोंड वर काढलं. दुसऱ्या दिवशी तीन. आठवडाभरात भाऊ पाचवर आले आणि बाईंनी रविवारी साक्ष दिली, "पेशंटची तब्येत सुधारून राहिली!"

"आमेन!"

सोमवारी भाऊ मिलमधून परस्पर घरी गेले. बादलीकडे फिरकलेच नाहीत. विचारलं तर म्हणाले, "बादलीचा तळ दिसते, बाई. तलावाचा दिसत नाही."

*

भाऊंचं घर आणि मिल यांच्यामध्ये तलाव आहे. पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, गेलं तर पाच मिनिटांत मिल. भाऊ मात्र गावाला वळसा घालून सायकलने जायचे. एके दिवशी त्यांची सायकल पंक्चर होती, म्हणून मी त्यांना गाडीवर मागे बसवलं आणि सवयीने पाळीच्या रस्त्याला वळलो. त्यांनी माझा खांदा असा दाबला की गाडी थांबवावीच लागली.

"काहून, भाऊ?"

ते उतरून पाण्याकडे पाठ करून उभे राहिले. मग सांगितलं. ते आठ वर्षांचे होते, मोठा भाऊ तेराचा. दोघं शिंगाडे काढायला आले होते. मोठा आत उतरला आणि वेलीत पाय अडकला.

"मी काठावरून देवाले आवाज देत होतो, गुरुजी. कोन्या देवाले, ते बी आठवत नाही. लय जोऱ्यानं देत होतो. कोनी आयकलं नाही." मग म्हणाले, "आता तुम्ही सारे म्हनता, तो आयकते. आयकत असन. मले पक्कं नाही."

मी गाडी वळवली आणि त्यांना लांबच्या रस्त्याने मिलवर सोडलं. नऊ वर्षं मी त्यांच्या त्याच वाक्यावर खणखणीत आमेन ठोकत आलो होतो. मला माझीच लाज वाटली. पुढच्या रविवारी भाऊंची साक्ष झाली तेव्हा मी गप्प बसलो.

भाऊंनी वळून माझ्याकडे पाहिलं. "गुरुजी, आज आमेन नाही?"

"आमेन," मी म्हणालो. पण हळूच.

*

पास्टरजींचं गुपित फुटलं ते बाईंच्या बीपी मशीनमुळे. एका रविवारी बाई सगळ्यांचं बीपी तपासत होत्या. बाईंनी पास्टरजींच्या दंडाला पट्टा बांधला.

"एकशे सत्तर! कायचं टेन्शन हाय जी तुमाले?"

पास्टरजी आधी टाळाटाळ करत राहिले. मग म्हणाले, "दुपारी आसगावले एकाचा बाप्तिस्मा हाय."

"मंग?"

"मले पोहता येत नाही, बाई. कमरेएवढ्या पान्यात बी पाय लटपटतात. पंधरा वर्षं झाली, दरवेळी असंच होते."

बाईंनी पट्टा तसाच सोडला. आमचे पास्टरजी! आजवर एवढ्या लोकांना तलावात बुडवून वर काढलेला माणूस!

भिंतीला टेकून बसलेले सुखदेवभाऊ पुढे सरकले. "म्हंजे तुमी बी भेता?"

"हो."

"आन तरी उतरता?"

"उतरतो."

"मंग इतके साल सांगाले काय झालं होतं जी!" भाऊ जवळजवळ रागावलेच. मग म्हणाले, "पुढच्या आयतवारी आपन दोघं जाऊ."

*

होळीच्या आधीचा तो रविवार. सगळी मंडळी पाळीवर. यमुनाबाई एका हातात टॉवेल आणि दुसऱ्या हातात बीपी मशीन घेऊन उभ्या. वंदनावहिनींच्या डोक्यावरचा पदर सारखा घसरत होता आणि त्यांचं लक्षच नव्हतं.

पास्टरजी आणि सुखदेवभाऊ एकमेकांचे हात धरून पाण्यात उतरले. कोणी कोणाला धरलं होतं ते काठावरून कळत नव्हतं. गुडघे. मांड्या. कंबर. भाऊ थांबले आणि समोरच्या काठाकडे पाहत राहिले. तिकडे शिंगाड्याच्या वेली होत्या. मला वाटलं, आता परत फिरतात.

"बोला जी," भाऊ म्हणाले.

पास्टरजी बोलायला गेले आणि शब्दच विसरले! पंधरा वर्षं प्रत्येक बाप्तिस्म्याला म्हटलेले शब्द. तेव्हा सुखदेवभाऊंनीच त्यांना हळूच सांगितलं, "पित्याच्या, पुत्राच्या..."

पास्टरजींनी पुढचं म्हटलं आणि भाऊ पाण्याखाली गेले.

"एक," पाळीवर यमुनाबाई मोजायला लागल्या. "दोन. तीन..."

भाऊ वर आले. डोळ्यांतलं, नाकातलं पाणी हातांनी पुसलं. त्यांनी पास्टरजींचा हात सोडलेला नव्हता. आमच्याकडे बाप्तिस्मा झाला की पाण्यातच उभं राहून साक्ष द्यायची पद्धत आहे.

"बोला भाऊ," पास्टरजी म्हणाले.

सुखदेवभाऊंनी एकदा तलावाकडे पाहिलं आणि एकदा आमच्याकडे.

"मले अजून पक्कं नाही," ते म्हणाले.

"आमेन!" सगळ्यांच्या आधी वंदनावहिनी ओरडल्या.