ॲसिडिटीची गोळी

मला ॲसिडिटी नाही. कधीच नव्हती. तिखटजाळ कोलंबीचं कालवण ओरपून वर कडक चहा प्यायलो तरी माझ्या पोटाची तक्रार नसते. हे इतकं ठासून सांगायचं कारण म्हणजे मीरा रोडच्या शांती नगरमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये आणि परळपासून ठाण्यापर्यंत पसरलेल्या आमच्या गोतावळ्यात मी जवळजवळ वर्षभर ॲसिडिटीचा पेशंट म्हणून ओळखला जात होतो.

झालं असं की एका दुपारी ऑफिसात माझी छाती धडधडायला लागली, हातपाय गार पडले आणि आपण आता मरतोय याची मला खात्री पटली. तपासण्या झाल्या. हृदय ठणठणीत निघालं. तरी ते पुन्हा झालं, मग पुन्हा. शेवटी बायको मला मनोविकाराच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली, तेही भाईंदरला नवघर रोडवर. मीरा रोडला असे डॉक्टर नाहीत असं नाही, पण तिथे ओळखीचं कोणी भेटलं तर? डॉक्टर म्हणाले, ही अँग्झायटी आहे, गोळ्या सुरू करू, धडधड थांबेल. बाहेर येऊन रिक्षाला हात करता करता बायकोने विचारलं, "आईंना काय सांगायचं?"

माझ्या आईच्या लेखी गोळ्या दोन प्रकारच्या. एक साधी आणि एक डोक्याची. डोक्याची गोळी म्हणजे डोकेदुखीवरची नव्हे. परळच्या चाळीत एक गृहस्थ डोक्याची गोळी घ्यायचे आणि त्यांच्या खोलीवरून जाताना आम्हा पोरांना पळत जायला सांगितलेलं असायचं. त्यामुळे बायकोने रिक्षात बसल्या बसल्या ठरवून टाकलं की मला ॲसिडिटी झाली आहे. घरी आल्यावर तिने गोळ्या पाकिटातून सोडवून आवळासुपारीच्या रिकाम्या डबीत भरल्या. भांडायला अंगात जीव लागतो आणि तो तेव्हा नव्हता. तिने हे सगळं माझ्या काळजीपोटी केलं हे मला मान्य आहे. पण काळजीपोटी केलेल्या गोष्टीचा राग येऊ नये असा काही नियम नाही. मला तो येत होता आणि अजूनही येतो.

कारण खोट्या आजाराचे उपचार मात्र अगदी मनापासून सुरू झाले. आईने पहिला घाला घातला तो चहावर. "रिकाम्या पोटी चहा म्हणजे विष," म्हणत तिने सकाळी माझ्यापुढे थंड दूध ठेवायला सुरुवात केली. मग कोकम सरबत, बडीशेप, मुगाची खिचडी, दुधीची भाजी. रविवारी बाकीच्यांच्या ताटात तळलेले बोंबील आणि माझ्या ताटात दुधी. शेजारच्या गुजराती काकूंनी तर जिऱ्याचं पाणी बाटलीत भरून पाठवलं आणि लिफ्टमध्ये भेटल्या की, "भाईसाब, एसिडिटी कैसा है?" अशी चौकशी करायच्या. ॲसिडिटीला आमच्या घरात जो मान होता, तो मला नव्हता.

गोळीने तिचं काम केलं. महिन्याभरात धडधड कमी झाली. पण तो गलका थांबल्यावर त्याच्याखाली काय होतं ते मला दिसायला लागलं, आणि ते भलतंच होतं. मला काहीच नको होतं. पोहे देऊ? नको. आंघोळीला पाणी काढू? नको. खाडीवर जरा फिरून येता? नको. दिवसभर माझ्या तोंडात तोच एक शब्द. ऑफिसला जायचो, कारण न जाण्यासाठी फोन करावा लागला असता. घरी आलो की भिंतीकडे तोंड करून पडायचो. आई म्हणायची, पोटच बिघडलंय, भूक कुठून लागणार? माझं ते 'नको'सुद्धा ॲसिडिटीच्याच नावावर खपलं.

बायकोला तरी खरं ठाऊक होतं. पण तिचंही उत्तर ठरलेलं, "धडधड थांबली ना? मग आता काय?" डॉक्टरांनी विचारलं, कसं वाटतंय, की तीच सांगायची, "आता एकदम बरे आहेत." मी मान डोलवायचो. धडधडीबद्दल विचारत असतील तर ते खरंही होतं.

या सगळ्यावर कडी केली ती माझ्या साडूने. तो ठाण्याला राहतो. गोरापान, गडगडाटी हसणारा माणूस. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून आला तरी ताजातवाना. त्यालाही ॲसिडिटीचंच सांगितलेलं. तरी प्रत्येक भेटीत त्याचं व्याख्यान ठरलेलं. "साडूभाऊ, ॲसिडिटी कशाने होते? टेन्शनने. टेन्शन घ्यायचंच कशाला? मन खंबीर पाहिजे. मला बघा." मी बघायचो. दुसरा इलाज नव्हता.

एका रविवारी साडू आणि मेहुणी जेवायला आले. आईने कोंबडीवडे केले होते. साडूने ते असे हाणले की बघणाऱ्याचंही पोट भरावं. मी माझी खिचडी संपवून आत जाऊन पडलो. दोघी बहिणी आइस्क्रीम आणायला खाली गेल्या. साडूला करपट ढेकर यायला लागले, छातीत जळजळायला लागलं. आईला त्याची दया आली. "थांबा, याची गोळी देते. साधी नाही, डॉक्टरची आहे." आणि तिने आवळासुपारीच्या डबीतली एक गोळी काढून पाण्याबरोबर त्याच्या हातात ठेवली.

बहिणी वर आल्या तेव्हा साडू सोफ्यावर तोंड उघडं टाकून घोरत होता. आधी सगळे हसले. मग आइस्क्रीम वितळायला लागलं म्हणून मेहुणी त्याला हलवायला गेली, तर तो काहीतरी पुटपुटून पुन्हा कलंडला. तिने हंबरडा फोडला. मी बाहेर येऊन पाहतो तर एकच धावपळ. कोणी पंख्याचं बटण वाढवतंय, मेहुणी त्याचे तळपाय चोळतेय, आई मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढतेय. आवाज ऐकून शेजारच्या काकू ग्लुकोज घेऊन आल्या. त्यांना बायकोने दारातच सांगितलं, "कुछ नहीं, गरमी से हुआ." तिच्याकडे आजारांचा साठा चांगला होता.

मग आई म्हणाली, "मी काय गं केलं? फक्त याची ॲसिडिटीची गोळी दिली."

बायकोचा चेहरा पांढरा पडला. तिने डॉक्टरांना फोन लावला आणि गोळीचं खरं नाव आमच्या हॉलमध्ये, सगळ्यांदेखत, पहिल्यांदा उच्चारलं. डॉक्टर म्हणाले, एकच घेतलीय ना, मग कुशीवर झोपवा, जवळ बसून श्वासावर लक्ष ठेवा, काही वेगळं वाटलं तर लगेच दवाखान्यात न्या. आणि एकाची गोळी दुसऱ्याला पुन्हा देऊ नका.

"अगंबाई, एवढी जालीम गोळी?" मेहुणी म्हणाली. "बिचाऱ्यांना किती त्रास झाला."

माझं डोकंच फिरलं. "ती गोळी मी रोज घेतोय," मी म्हणालो. माझा आवाज इतका चढला की मलाच ओळखू येईना. "याने चुकून एक घेतली तर पाय चोळताय, दृष्ट काढताय. माझी कोणी काढली? मला दुधी घातला तुम्ही." आता लिहिताना हसू येतं, पण तेव्हा येत नव्हतं. साडू घोरत होता.

तो संध्याकाळी उठला, म्हणाला काय मस्त झोप लागली, आणि चहा मागितला. त्याला चहा मिळाला.

ते गेल्यावर आई माझ्या खोलीत येऊन पलंगाच्या कडेला बसली. "मग तुला ॲसिडिटी नाहीच?"

"नाही."

"आणि मी वर्षभर खिचडी घालतेय. मला काय येडी समजलात दोघं?" ती चिडली होती आणि मला तिचा राग पटला. या घरात रागवायला कारण असलेला मी एकटाच नव्हतो. थोड्या वेळाने तिने विचारलं, "मग होतंय काय तुला?"

एवढा साधा प्रश्न. वर्षभरात तो मला कोणी विचारला नव्हता. बरं वाटतंय ना, असं सगळे विचारायचे, आणि त्याचं उत्तर त्या प्रश्नातच असायचं.

"काही नको वाटतं," मी म्हणालो. "सकाळी डोळे उघडले की दिवसच नको वाटतो."

"आम्हीपण?"

"कधी कधी तुम्हीपण."

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "हे डॉक्टरला सांगितलंस?"

त्याच आठवड्यात ती आमच्याबरोबर नवघरला आली. डॉक्टरांनी विचारलं, कसं वाटतंय, आणि बायकोने तोंड उघडलं. आईने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "त्याला बोलू दे." मी बोललो. अडखळत, पण सगळं. डॉक्टर म्हणाले, हे डिप्रेशन आहे, अँग्झायटीच्या जोडीने असतं पुष्कळदा, औषध बदलू आणि दर आठवड्याला बोलायला येत जा. पुष्कळदा असतं, तर मग माझ्याकडे बघून कधी विचारलं का नाही, असं मी त्यांनाही ऐकवलं. त्यांनी ऐकून घेतलं. मी अजून पूर्ण बरा नाही. काही सकाळी 'नको' अजून माझ्याआधी उठलेलं असतं. पण आता मी ते त्याच्या खऱ्या नावाने सांगतो.

परवा आम्ही तिघं लिफ्टमध्ये होतो. शेजारच्या काकू दुधाच्या पिशव्या घेऊन आत शिरल्या आणि नेहमीसारखं म्हणाल्या, "भाईसाब, एसिडिटी कैसा है?"

बायको मजल्यांच्या आकड्यांकडे बघायला लागली. मी घसा साफ केला. तेवढ्यात आई तिच्या परळच्या हिंदीत, चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली, "उसको एसिडिटी कभी नही था. मन का बीमारी है. दवा चालू है."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. त्या काहीतरी विचार करत होत्या.

"अच्छा," त्या म्हणाल्या. "तो फिर चाय चलती है ना उनको?"

"चलती है," आई म्हणाली.